११९ पराभवांनंतरची सुधारणा: श्रेय कुणाचं?

अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलमध्ये ३० संघ आहेत. त्यांपैकी डेन्व्हर शहराचा कोलोराडो रॉकीज हा संघ २०२५ च्या हंगामात १६२ पैकी फक्त ४३ सामने जिंकला आणि ११९ हरला. मार्चच्या शेवटी २०२६ चा हंगाम सुरू होतोय. रॉकीजचं यंदा काय होईल?

माझं उत्तर आधीच सांगून टाकते: ते गेल्या वर्षीपेक्षा जास्त सामने जिंकतील. हे सांगायला फार अक्कल लागत नाही, कारण यापेक्षा खाली जायला जागाच फारशी उरलेली नाही. खरा प्रश्न पुढचा आहे. संघ सुधारला, तर त्या सुधारणेचं श्रेय कुणाला द्यायचं? माझं पीएचडीचं काम संख्याशास्त्रातल्या याच प्रश्नाभोवती आहे: एखादा उपाय केला आणि परिस्थिती सुधारली, तर ती त्या उपायामुळेच सुधारली हे कशावरून? रॉकीज त्याचं इतकं स्वच्छ उदाहरण आहे की लिहिल्याशिवाय राहवेना. बेसबॉलचे नियम माहीत नसले तरी चालतील. जास्त धावा करणारा जिंकतो, एवढं पुरे.

आधी नशिबाचा हिशोब

आयपीएलमध्ये साखळीत प्रत्येक संघ १४ सामने खेळतो. समजा एक संघ अगदी मध्यम आहे, म्हणजे प्रत्येक सामना जिंकण्याची शक्यता निम्मी, नाणं उडवल्यासारखी. तो सरासरी ७ सामने जिंकेल, पण निव्वळ नशिबाने ५ किंवा ९ जिंकणंही अगदी नेहमीचं. ५ विजय म्हणजे तळाशी, ९ म्हणजे बहुतेक वेळा प्लेऑफ. संघ तोच!

१६२ सामन्यांत नशीब बरंच धुऊन निघतं. तिथे हाच मध्यम संघ सरासरी ८१ सामने जिंकेल आणि नशिबाची नेहमीची हालचाल साधारण ६ सामने वर किंवा खाली एवढीच असेल. ८१ वरून ४३ वर येणं नशिबाच्या आवाक्यातलं नाही. म्हणजे रॉकीज खरोखरच वाईट होते.

हे तपासायची आणखी एक सोपी युक्ती आहे. बिल जेम्स या बेसबॉलच्या आकडेतज्ज्ञाने एक सूत्र मांडलं: संघाने केलेल्या धावांचा वर्ग घ्या, त्याला केलेल्या आणि दिलेल्या धावांच्या वर्गांच्या बेरजेने भागा. येतं ते अपेक्षित विजयाचं प्रमाण. रॉकीजने २०२५ मध्ये ५९७ धावा केल्या आणि १,०२१ दिल्या. वर्ग आले ३,५६,४०९ आणि १०,४२,४४१. भागाकार करा, उत्तर साधारण ०.२५५. त्याला १६२ ने गुणलं की ४१ विजय.

प्रत्यक्षात जिंकले ४३. म्हणजे थोड्याथोडक्या फरकाने सामने निसटले, नाहीतर बरे होतो, अशी सबबही नाही. धावांमधला फरक उणे ४२४, म्हणजे १९०० नंतरच्या बेसबॉलमधला सगळ्यात वाईट.

हवेची सबब

रॉकीजचा विषय निघाला की हवेचा विषय निघतोच. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून एक मैल, म्हणजे सुमारे १,६०९ मीटर उंचीवर आहे. आपलं कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर. थोडक्यात, कळसूबाईच्या माथ्याजवळ अख्खं शहर वसलंय आणि तिथे बेसबॉल चाललंय असं समजा.

तिथली हवा समुद्रसपाटीपेक्षा साधारण १७-१८ टक्क्यांनी विरळ असते. त्याचे दोन परिणाम. एक, मारलेल्या चेंडूला हवेचा विरोध कमी होतो आणि तो लांब जातो. दोन, फिरणारा चेंडू हवेला ढकलून वळतो. ढकलायला हवाच कमी असेल तर तो कमी वळतो. म्हणजे पिचरचं दोन्हीकडून मरण. यावर उपाय म्हणून २००२ पासून इथे चेंडू आर्द्रता राखणाऱ्या खोलीत ठेवतात, कारण कोरडा चेंडू बॅटवरून जास्त उसळतो.

पण या सबबीत एक भोक आहे. तीच हवा पाहुण्या संघालाही असते, आणि रॉकीज निम्मे सामने बाहेर खेळतात. शिवाय याच हवेत रॉकीजने २००७ मध्ये वर्ल्ड सिरीज गाठली होती आणि २०१८ मध्ये ९१ सामने जिंकले होते. हवेमुळे काम अवघड होतं हे खरं, पण २०१८ ते २०२५ या काळात डेन्व्हर काही उंच झालेलं नाही.

तळ किती खोल असतो?

आता मुख्य मुद्दा. बेसबॉलच्या विश्लेषकांनी एक पातळी ठरवली आहे. कुठल्याही संघाला जवळपास फुकटात मिळतील असे खेळाडू, म्हणजे खालच्या लीगमधले किंवा इतरांनी सोडून दिलेले, एवढेच घेऊन संघ उभा केला तर तो किती जिंकेल? प्रमाण धरलं जातं ०.२९४. म्हणजे १६२ पैकी साधारण ४८.

रॉकीज ४३ वर होते! म्हणजे त्यांच्या काही जागांवर असे खेळाडू खेळत होते, की कुणीही सहज मिळणारा पर्याय आणला तरी फायदाच झाला असता. अशा ठिकाणाहून वर यायला फार मोठी योजना लागत नाही. सगळ्यात वाईट खेळाडू बदलले, जखमी परत आले, ज्यांचं वर्ष फारच वाईट गेलं त्यांचं थोडं बरं गेलं, की संख्या आपोआप वर येते. टोकाला गेलेली गोष्ट पुढच्या मोजणीत सहसा सरासरीकडे सरकते. संख्याशास्त्रात याला ‘रिग्रेशन टू द मीन’ म्हणतात. हे गेल्याच हंगामात घडलेलं आहे. पहिल्या ४० सामन्यांत रॉकीजचे ७ विजय आणि ३३ पराभव झाले, तेव्हा मे महिन्यात व्यवस्थापक बड ब्लॅक यांना काढण्यात आलं. वॉरन शेफर आले. उरलेल्या १२२ सामन्यांत संघ ३६ जिंकला. प्रमाण ०.१७५ वरून ०.२९५ वर. कागदावर ही झेप आहे. पण ०.२९५ म्हणजे काय? जवळजवळ तीच ती फुकटातल्या खेळाडूंची पातळी. शेफर चांगले नाहीत असं मला म्हणायचं नाही. एवढंच की या आकड्यावरून त्यांच्याबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

आधीचे चौघे

१६२ सामन्यांच्या हंगामात ११५ किंवा जास्त सामने हरलेले रॉकीजच्या आधी चारच संघ आहेत. पुढच्या वर्षी त्यांचं काय झालं?

न्यूयॉर्क मेट्स: १९६२ मध्ये ४० विजय, पुढच्या वर्षी ५१.
डेट्रॉइट टायगर्स: २००३ मध्ये ४३, पुढच्या वर्षी ७२.
बाल्टिमोर ओरिओल्स: २०१८ मध्ये ४७, पुढच्या वर्षी ५४.
शिकागो व्हाइट सॉक्स: २०२४ मध्ये ४१, पुढच्या वर्षी ६०.

चारही वर आले, सरासरी साडेसोळा विजयांनी. पण त्यापुढचं बघा. सगळ्यात कमी, फक्त ७ विजयांनी सुधारलेले ओरिओल्स २०२३ मध्ये १०१ सामने जिंकले. ११ ने सुधारलेले मेट्स १९६५ मध्ये परत ५० वर आले आणि त्यांचं नशीब फळलं ते थेट १९६९ मध्ये. पहिल्या वर्षाच्या उडीवरून पुढच्या पाच वर्षांचं फारसं काही कळत नाही.

मग यंदा बघायचं काय?

नोव्हेंबर २०२५ मध्ये रॉकीजने पॉल डीपोडेस्टा यांना बेसबॉलच्या कारभाराचं प्रमुख केलं. ‘मनीबॉल’ पुस्तक वाचलं असेल तर नाव ओळखीचं वाटेल. ओकलंडमध्ये बिली बीन यांच्यासोबत आकडेवारीवर संघ उभा करणारे ते हेच. म्हणजे गोष्ट तयारच आहे: सगळ्यात वाईट संघ, आकडेमोड करणारा हुशार माणूस, आणि पुढच्या वर्षी सुधारणा. संघ ५८ सामने जिंकला की मथळे आपोआप लिहिले जातील.

यात नुकसान प्रेक्षकांचं आहे. इतक्या वाईट वर्षातही २० लाखांहून जास्त लोक रॉकीजच्या मैदानावर आले. संघाने २०२३ मध्ये १०३, २०२४ मध्ये १०१ आणि २०२५ मध्ये ११९ सामने गमावलेत. जी सुधारणा काहीही न करता झाली असती, तीच ‘आम्ही बदललो’ म्हणून दाखवता आली, तर खरा बदल करायचा दबावच संपतो. उलटही होऊ शकतं: डीपोडेस्टा तरुण खेळाडूंवर चांगलं काम करत असतील आणि विजय कमी दिसले म्हणून दोन वर्षांत त्यांनाच घरी पाठवलं जाईल. दोन्हीकडे चूक एकच, एका वर्षाच्या आकड्याला जास्त भाव देणं.

माझा अंदाज ५८ विजयांचा, आठ इकडे-तिकडे. चौघांची सरासरी धरली तर साठाच्या जवळ जातो. त्यातून थोडे कमी केले, कारण रॉकीजला आपल्याच गटातल्या चार संघांशी प्रत्येकी १३ सामने खेळायचे आहेत आणि त्यात २०२४ व २०२५ चे विजेते लॉस एंजेलिस डॉजर्स आहेत.

त्यामुळे ५० ते ६५ मधला कुठलाही आकडा आला तरी कुणाचा सत्कार करू नका आणि कुणाला शिव्याही घालू नका. विजयांऐवजी धावांमधला फरक बघा. तो उणे ४२४ वरून उणे २०० च्या आत आला, तर नुसतं सरासरीकडे सरकण्यापलीकडे काहीतरी घडलंय असं म्हणायला जागा आहे. आणि गेल्या वर्षी ३१ होमरन मारणाऱ्या हंटर गुडमनसारखे आणखी दोन-तीन खेळाडू संघाच्या स्वतःच्या तालमीतून पुढे आले, तर ते विजयांच्या आकड्यापेक्षा मोलाचं.

पुढच्या वेळी कुठेही ‘सगळ्यात वाईट होतं, उपाय केला, सुधारलं’ अशी बातमी वाचाल, मग ती शाळेच्या निकालाची असो की रस्त्यावरच्या अपघातांची, तेव्हा एकच विचारा: उपाय केला नसता तर किती सुधारलं असतं?