घाटावरची शिकेकाई, बोअरचं पाणी

महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. तिथून पूर्वेला माण-आटपाडीत पाचशेचा आकडा गाठताना आभाळाला धाप लागते. सातारा-सांगलीकडच्या न्हाण्याची गोष्ट या उतारावरच कळते.

शिकेकाई पश्चिमेची. जावळी, पाटण, शिराळ्याच्या रानात ती झाडांवर चढत जाते. म्हणायची वेल, पण अंगभर आकड्यांसारखे काटे. बाही अडकली की मागं ओढून सुटत नाही, फाटते. थंडी सरताना शेंगा तपकिरी होऊन सुकतात आणि मग त्या काढणारे हात ओरखडले जातात. कोयना अभयारण्य १९८५चं, चांदोली राष्ट्रीय उद्यान २००४चं. २०१० साली दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. त्याच्या गाभ्यात वनोपज गोळा करता येत नाही. शेंगा मिळतात त्या बाहेरच्या रानातून, मालकीच्या डोंगरपड्यांतून.

गरज मात्र पूर्वेला जास्त. जत, आटपाडी, कवठे महांकाळकडे बऱ्याच बोअरचं पाणी जड. त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांशी साबण मिळाला की फेसाऐवजी पांढरट साका होतो, केसांवर बसतो आणि कंगवा जागीच अडतो. शिकेकाई-रिठ्याचा फेस सॅपोनिनचा. तो क्षारांशी मिळून असा साका धरत नाही. अमेरिकेत प्रॉक्टर अँड गॅम्बलनं १९३४ साली ‘ड्रीन’ हा कृत्रिम डिटर्जंटचा शाम्पू आणला, तोही साबणाच्या याच खोडीवर उतारा म्हणून. माणदेशातल्या आजीला तो उतारा बाजारच्या पिशवीतच मिळत होता.

सांगलीची गणपती पेठ असो की साताऱ्याचा मोती चौक, काष्ठौषधींच्या दुकानात सगळा जिन्नस एका पुडक्यात बांधून घेता येतो. एका न्हाण्याला मूठभर शेंगा, चार-पाच रिठे, थोडी आवळकाठी, वासापुरता नागरमोथा आणि कपूरकाचरी. रिठ्याच्या बिया आधीच फोडून काढायच्या. रात्री लोखंडी कढईत भिजत घातलं तर आवळ्यातलं टॅनिन आणि लोह मिळून पाणी शाईसारखं काळं होतं. त्यानं पिकल्या केसांवर जराशी झाक येते; केस काळे होत नाहीत, टकलावर उगवत तर मुळीच नाहीत, पुडीवर काहीही छापलेलं असो. सकाळी मंद आचेवर निम्मं आटवायचं, निवल्यावर कुस्करायचं आणि जुन्या धोतराच्या फडक्यातून दोनदा गाळायचं. इथं घाई केली की चोथा दोन दिवस केसांतून निघत राहतो. डोळे घट्ट मिटलेले बरे. सॅपोनिन डोळ्यांत गेलं की अभ्यंगस्नानाची पहाट रडण्यात जाते.

फेस बेताचाच येतो. तेल चोपडून घातलं असेल तर दुसरा हात लागतो. काढा दोन-तीन दिवसांत आंबतो, म्हणून नरक चतुर्दशीसाठी तो आदल्या रात्रीच भिजत पडतो. पाणी फारच जड असेल तर शेवटच्या तांब्यात अर्धं लिंबू पिळावं. आधीच्या साबणाचा साका त्या आंबटानं सुटतो.

ज्यांना एवढी उस्तवार नको, त्या शेंगा दळून आणतात. गिरणीवाला मात्र त्या धान्याच्या जात्यात घेत नाही. सगळी दळणं उरकली की वेगळ्या यंत्रावर, नाकाला फडकं बांधून. तरीही रांगेतल्या बायका शिंका देत बाहेर येतात.