शासकीय कर्मचाऱ्यांमधील राजकीय मतभेद

शासकीय कर्मचाऱ्यांमधील राजकीय मतभेद म्हणजे एकाच कार्यालयात काम करणाऱ्यांमध्ये पक्ष, उमेदवार किंवा धोरण यांविषयी असणारी मतभिन्नता. मत बाळगणे हा नागरिकाचा हक्क आहे. मात्र त्याचा परिणाम कामकाजावर आणि जनतेला मिळणाऱ्या सेवेवर होऊ नये, यासाठी कायद्याने मर्यादा घातल्या आहेत.

स्थानिक संदर्भ

पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा हे आदिवासीबहुल तालुके संविधानाच्या पाचव्या अनुसूचीतील क्षेत्रात मोडतात. तहसील कार्यालय, पंचायत समिती, जिल्हा परिषदेच्या शाळा, आश्रमशाळा आणि आरोग्य केंद्रे येथे नोकरीची महत्त्वाची ठिकाणे आहेत. लहान गावांत कर्मचारी, मतदार आणि लोकप्रतिनिधी परस्परांचे परिचित, अनेकदा आप्तही असतात. घरकुल, शिधापत्रिका किंवा जातीचा दाखला मागणाऱ्यास आपला अर्ज पक्षभेदामुळे अडला, अशी नुसती शंका आली तरी कार्यालयावरील विश्वास डळमळतो.

कायदेशीर चौकट

महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ नुसार शासकीय कर्मचाऱ्यास राजकीय पक्षाचे सदस्य होता येत नाही, तसेच निवडणुकीत प्रचार करता येत नाही. मतदानाचा हक्क मात्र अबाधित असतो. जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांसाठी १९६७ चे स्वतंत्र वर्तणूक नियम आहेत. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १३४अ नुसार शासकीय सेवकाने उमेदवाराचा निवडणूक, मतदान किंवा मतमोजणी प्रतिनिधी म्हणून काम केल्यास तीन महिन्यांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. कोणी कोणास मत दिले हे सांगण्याची सक्ती करता येत नाही, असे कलम ९४ सांगते. सहकाऱ्यांनी परस्परांस हा प्रश्न न विचारण्यामागील तत्त्वही हेच आहे.

निवडणूक काळ

निवडणुकीच्या कामासाठी शिक्षकांसह विविध विभागांचे कर्मचारी नेमले जातात. त्यांच्या नेमणुका संगणकीय सरमिसळ पद्धतीने होतात, त्यामुळे कोणता कर्मचारी कोणत्या मतदान केंद्रावर जाईल हे आधी ठरवून ठेवता येत नाही. भिन्न मतांचे कर्मचारी एकाच पथकात आले, तरी कार्यपद्धती लिखित असल्याने वैयक्तिक मतास वाव राहत नाही.

व्यवस्थापनाचे उपाय

कामाचे वाटप, रजा आणि बदली यांचे निकष लेखी व सर्वांस समान ठेवणे, अर्ज आवक क्रमाने निकाली काढणे आणि कार्यालयाच्या समाजमाध्यम गटात पक्षीय मजकूर टाळणे, हे परिणामकारक उपाय होत. वादाच्या वेळी वरिष्ठाने मताचा निवाडा न करता केवळ वर्तनाची दखल घ्यावी, असे अपेक्षित असते.

सेवाविषयक मागण्या आणि पक्षीय राजकारण यांत भेद केला जातो. जुन्या निवृत्तिवेतन योजनेसाठी १४ ते २० मार्च २०२३ या काळात झालेल्या राज्यव्यापी संपात भिन्न विचारांचे कर्मचारी एका मागणीसाठी एकत्र आले होते. राजकीय मत वेगळे असूनही समान हिताच्या प्रश्नावर सहकार्य शक्य असते, हे त्यातून दिसून येते.