मोठं कबुतर घेऊ नका, पिल्लू घ्या

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या एपिसोडचं हे लेखी रूप. बोलताना मी जिथे जिथे अडखळलो, ते इथे काढून टाकलंय. मागे येणारा गुटर्गूचा आवाज मात्र लिहून दाखवता येत नाही, त्यासाठी ऑडिओच ऐका.

तर, मी राहतो चेन्नईत, तोंडियारपेटला. ऑफिस गिंडीला, मेट्रोने सरळ एक लाईन. घर भाड्याचं आणि घरमालक सत्तरी ओलांडलेले एक अंकल. गच्चीवर त्यांची ढाबळ आहे, म्हणजे कबुतरांचं लाकडी घर. आत चाळीसेक शर्यतीची कबुतरं. पहिल्या सकाळी ते कबुतरांना 'वा, वा' म्हणत होते, तेव्हा मला वाटलं काय कौतुक करतायत! नंतर कळलं, तमिळमध्ये 'वा' म्हणजे 'ये'.

गेल्या वर्षी अंकलचा खोकला थांबेना. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, फुप्फुसांचा त्रास आहे, कबुतरांच्या पिसांची आणि विष्ठेची धूळ आत जाऊन झालेला. ढाबळीत पाय टाकायचा नाही. मुलगा परदेशात. मी सहज म्हणालो, "अंकल, मग देऊन टाका ना कुणाला तरी." ते नुसते हसले.

का हसले ते पुढे कळलं. आठ कबुतरं त्यांनी अंबत्तूरच्या एका ओळखीच्या माणसाला खरंच दिली. त्याने पंधरा दिवस जाळीत ठेवली, खाऊपिऊ घातलं, सोळाव्या दिवशी सकाळी सोडली. संध्याकाळपर्यंत त्यातली सहा आमच्या गच्चीवर हजर.

आजचा विषय हाच आहे. ही कबुतरं वारसाने देता येत नाहीत. ज्या ढाबळीतून कबुतर पहिल्यांदा आकाशात झेपावतं, ते त्याचं घर, आणि बहुतेकांसाठी ते कायमचं. म्हणजे म्हातारा माणूस थकला की त्याची पक्षी-संपत्ती दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. त्याच्या जोड्यांपासून झालेली पिल्लं तेवढी घेऊन जाता येतात, तीही वेळेत. म्हणून या खेळाला विशीतली माणसं हवीत, आणि ती म्हाताऱ्यांच्या गच्च्या चालू असतानाच यायला हवीत.

आधी एक गैरसमज. 'मैंने प्यार किया'मुळे आपल्या सगळ्यांना वाटतं की कबुतराच्या पायाला चिठ्ठी बांधली की ते हव्या त्या पत्त्यावर जातं. तसं नाही. ते फक्त स्वतःच्या घरी जातं. तुम्हाला तिला चिठ्ठी पाठवायची, तर आधी तिच्या घरचं कबुतर पिंजऱ्यात घालून तुमच्याकडे आणायला लागेल. (तेवढं आणता येत असेल तर चिठ्ठीची गरज काय, हा वेगळा प्रश्न.) ओडिशा पोलिसांनी १९४६पासून कबुतर-सेवा चालवली, त्यातही हाच हिशोब. १३ एप्रिल १९४८ला पंडित नेहरूंनी संबळपूरहून कटकला निरोप पाठवला तो कबुतरानेच. म्हणजे कटकची कबुतरं आधी संबळपूरला नेलेली होती, आणि सोडल्यावर ती घरी गेली.

शर्यतही यावरच चालते. आपल्याकडे घोड्यांची किंवा बैलगाड्यांची शर्यत म्हटली की सगळे एका रेषेवरून सुटतात आणि एका रेषेवर पोचतात. इथे सुटण्याची जागा एकच, पण पोचण्याच्या जागा जितक्या ढाबळी तितक्या! मग जिंकलं कोण हे ठरवायचं कसं? वेगावर. सुटण्याच्या जागेपासून प्रत्येक ढाबळीपर्यंतचं सरळ अंतर मोजलेलं असतं. अंतर भागिले वेळ, मीटर प्रति मिनिट. बस.

एक हिशोब करून बघू, कारण मला स्वतःला खरी मजा इथे आली. समजा नेल्लोरहून सकाळी ६:३०ला कबुतरं सोडली. आमची तोंडियारपेटची ढाबळ तिथून सरळ रेषेत सुमारे १४९ किलोमीटर. वेलाचेरी आणखी दक्षिणेला, तिथली ढाबळ १६३ किलोमीटर. आमचं कबुतर ८:३०ला ढाबळीत शिरलं, म्हणजे १२० मिनिटं, वेग १२४१.६७. वेलाचेरीचं ८:४०ला, १३० मिनिटं, वेग १२५३.८५. आमचं दहा मिनिटं आधी येऊन हरलं.

आता त्यात मीठ चोळतो. आमचं कबुतर आलं होतं ८:२८लाच. पण आल्या आल्या पाण्याच्या टाकीवर बसलं आणि दोन मिनिटं पंख साफ करत राहिलं. वेळ धरली जाते ती आत शिरल्यावर, गच्चीवर आल्यावर नाही. ते तडक आत गेलं असतं तर ११८ मिनिटं, वेग १२६२.७, आणि आपण पहिले! तुम्ही खाली उभे राहून 'वा, वा' करत असता, हातात दाण्याचा डबा खुळखुळवत असता, आणि ते मान वाकडी करून तुमच्याकडे बघत असतं. प्रॉडक्शन सर्व्हर बंद पडलाय आणि मॅनेजर फोनवर आहे, तेव्हासुद्धा माझी इतकी घालमेल होत नाही.

म्हणून अर्धं प्रशिक्षण उडण्याचं नसतंच, आत शिरण्याचं असतं. पिल्लू असल्यापासून ठरलेल्या वेळी, ठरलेल्या हाकेला, आतच दाणा. व्यायामाला सोडायचं ते खायच्या आधी, कधीच नंतर नाही. एवढं एक चुकलं की कबुतर टाकीवर बसायला शिकतं, आणि ती सवय मोडायला महिने जातात.

वेळ धरायची पद्धत आता डिजिटल झालीय. पूर्वी शर्यतीआधी पायात नंबर असलेलं रबरी कडं घालायचे. कबुतर आलं की ते काढून सीलबंद घड्याळात टाकायचं, की वेळ छापली जायची. आता पायात चिपचं कडं असतं आणि दारात अँटेनाची फळी. कबुतराने पाय ठेवला की नोंद झाली. आपल्या मेट्रो कार्डाचंच भावंड. दुसरं एक धातूचं बंद कडं जन्मखूण म्हणून असतं. पिल्लू साधारण आठवडाभराचं असताना ते चढवतात, तेव्हाच पंजा त्यातून जातो. नंतर घालताही येत नाही, काढताही येत नाही. डेटाबेसवाल्यांनो, प्रायमरी की!

आणि आता मूळ प्रश्न. अनोळखी जागी, पेटीतून नेऊन सोडलेलं कबुतर घर शोधतं कसं? याचं एकच उत्तर नाही, आणि माझ्यासारख्याला तेच आवडतं. दिशेसाठी ते सूर्य वापरतं, शरीरातल्या घड्याळाशी जुळवून. हे तपासायला शास्त्रज्ञांनी कबुतरांना कृत्रिम उजेडात ठेवून त्यांचं घड्याळ सहा तासांनी सरकवलं, तेव्हा ती सुमारे ९० अंश चुकीच्या दिशेला निघाली. १९७१मध्ये कॉर्नेलच्या विल्यम कीटन यांनी अनुभवी कबुतरांच्या पाठीवर लहान चुंबकं लावली. ऊन असताना फरक पडला नाही, ढगाळ दिवशी मात्र ती गोंधळली. म्हणजे सूर्य झाकला की पृथ्वीचं चुंबकत्व. इटलीत पिसाला फ्लोरियानो पापी यांनी वासाचा भाग पुढे आणला. वास घेण्याची क्षमता काढली की अनोळखी जागेवरून परत येणं फार अवघड होतं. आणि ऑक्सफर्डच्या संशोधकांनी पाठीवर छोटे जीपीएस बांधले, तर ओळखीच्या भागात काही कबुतरं चक्क हायवेवरून उडत होती आणि चौकात वळत होती.

हे सगळं मी वाचलेलं होतं. तरी चूक केलीच. फेब्रुवारीतल्या एका रविवारी पाच तरुण कबुतरं घेऊन मी लोकलने सुळ्ळुरुपेटाला गेलो. (श्रीहरिकोटाला जायला उतरतात ते स्टेशन. तिथून रॉकेट सुटतात, मी कबुतरं सोडायला.) सरावाचा नियम असा की अंतर हळूहळू वाढवायचं. आधी मिंजूर, मग पोन्नेरी, मग गुम्मिडिपूंडी, प्रत्येक ठिकाणाहून दोन-तीनदा. मी गुम्मिडिपूंडीहून एकदाच सोडली होती आणि एकदम सत्तर किलोमीटरवर गेलो. आकाश भरून आलेलं. अंकल फोनवर म्हणाले, "थंबी, थांब, ऊन येऊ दे." मला परतीची लोकल पकडायची होती. मी पेटी उघडली.

दुपारपर्यंत तीन आली. चौथं दुसऱ्या दिवशी, छातीवर जखम घेऊन. पाचवी मादी होती, निळसर, पंखांवर ठिपके, नंबरच्या शेवटी २७. ती आलीच नाही. अंकल मला एक शब्द बोलले नाहीत. रोज संध्याकाळी ढाबळीचं दार मात्र अर्धा तास उशिरा लावत होते, दोन आठवडे.

हे मुद्दाम सांगतोय. या खेळात पक्षी हरवतात. शिकरे आणि ससाणे असतात, विजेच्या तारा असतात, पतंगाचा नायलॉन मांजा तर फारच वाईट. चांगला माणूस कोण? तर जो खराब हवामानात शर्यत सोडून देतो तो. क्लब निवडताना एवढं एकच विचारा, "ढग असले की तुम्ही काय करता?"

आता धुळीचं बोलू, कारण ते टाळून तुम्हाला कबुतरं पाळा म्हणणं लबाडी होईल. २०२५मध्ये मुंबईत दादरच्या कबुतरखान्यावरून काय झालं ते आठवत असेल: महापालिकेने टाकलेली ताडपत्री, ती फाडणारे लोक, हायकोर्ट. तिथला प्रश्न रस्त्यावरच्या पारव्यांना खुलेआम दाणे टाकण्याचा होता. ढाबळीत पक्षी मोजके असतात, खाणं मोजून असतं, साफसफाई रोज असते. पण फुप्फुसांना हा फरक कळत नाही. अंकलनी चाळीस वर्षं मास्कशिवाय कोरडा झाडू मारला. मी एन-९५ लावतो, आधी पाणी शिंपडतो, मग खरवडतो, आणि ढाबळीचे कपडे गच्चीवरच ठेवतो. घरात कुणाला दमा असेल, तर या भानगडीत पडू नका. शर्यत बघायला दुसऱ्याच्या गच्चीवर जा, लांब उभे राहा. शेजाऱ्यांना आणि सोसायटीला आधी विचारा. आणि पैजेचे पैसे लावणारे भेटतील, तिथून निघून या.

पैशांचं म्हणाल तर २०२०मध्ये 'न्यू किम' नावाची बेल्जियमची मादी १६ लाख युरोला विकली गेली. ती बातमी वाचून कुणी येत असेल तर येऊ नये. आपला हिशोब असा: एक कबुतर दिवसाला ३०-३५ ग्रॅम दाणा खातं. बारा कबुतरं म्हणजे महिन्याला साधारण बारा किलो ज्वारी, बाजरी, मका, हरभरा, वाटाणा. तुमच्या गावच्या भावाने गुणाकार करा. वर शिंपल्यांची भुकटी आणि बारीक खडे, लसीकरण, लाकूड आणि जाळी. खरा खर्च वेळेचा आहे. सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास, दिवाळीलासुद्धा. कबुतरं म्यूट करता येत नाहीत.

सुरुवात करायची तर सहा पिल्लांनी करा. जोडी दोन अंडी घालते, नर-मादी आळीपाळीने बसतात, अठराएक दिवसांत पिल्लं निघतात. पहिले काही दिवस दोघंही गळ्यातल्या पिशवीत तयार होणारं दुधासारखं सत्त्व भरवतात, हो, बापसुद्धा. महिन्याभरात पिल्लू स्वतः खायला लागतं. त्याच सुमारास ते तुमच्या ढाबळीत यायला हवं, अजून आकाश न बघितलेलं. मग आधी जाळीतून आजूबाजूची छपरं, टाकी, नारळाचं झाड बघू द्यायचं, नंतर दार उघडायचं. चेन्नईत ईशान्य मान्सून संपला की शर्यतींचा हंगाम. महाराष्ट्रातही जुन्या वस्त्यांमध्ये कबुतरवाले सापडतील, पण अनेकांकडे उंच उडणारी जात असते. त्यांची स्पर्धा आपल्याच छपरावर किती तास घिरट्या घालतात याची. तो खेळ वेगळा, पण पक्षी हाताळायला शिकवतील ते हेच लोक. जाताना ऑनलाइन बघितलेलं ज्ञान पाजळू नका. खरवडणी हातात घ्या, बाकी आपोआप होतं.

आमच्याकडे सध्या चार जोड्या अंड्यांवर आहेत. अंकल जिन्याच्या दारात खुर्ची टाकून, मास्क लावून, लांबूनच मला सूचना देतात. दोन पिल्लं पलीकडच्या गल्लीतल्या अकरावीच्या मुलीला कबूल केलीयत. ती गेले दोन महिने रोज शाळा सुटल्यावर येऊन वहीत नंबर आणि वेळा लिहून घेते. तिची आई एका अटीवर तयार झालीय: ढाबळ स्वयंपाकघराच्या खिडकीपासून लांब हवी. काल जागा मोजून आलो. टाकीच्या मागे चार फूट बाय तीन फूट बसतंय. रविवारी जाळी आणायला जायचंय.