एंजिनाच्या आवाजावरून निदान

जबलपूर येथे १९६९ साली लष्करी वाहनांचा कारखाना स्थापन झाला. त्याच शहरातील राइट टाउनमध्ये जुनी मोटार बाळगणाऱ्यानेही एंजिनाचे आवाज ओळखणे इष्ट होय.

चार धावांच्या पेट्रोल एंजिनात प्रत्येक झडप क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत एकदा उघडते. म्हणून मिनिटास ६०० फेऱ्या होत असता सैल झडपेची टिकटिक ३०० वेळा होते. बेअरिंगचा ठोका जड असतो व भार पडताच वाढतो. एकेका सिलिंडराची ठिणगी क्षणभर तोडावी. ज्या वेळी ठोका मंदावेल, त्या सिलिंडराच्या कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग झिजले असे समजावे. तशीच गाडी हाकल्यास रॉड तुटून ब्लॉक फुटण्याचा संभव असतो.

बदली घेतलेले जुने एंजिन बसविण्यापूर्वी हाताने दोन फेरे फिरवून पाहावे, प्रत्येक सिलिंडराचा दाब मोजावा व तेलाची सीले बदलावीत; एंजिन गाडीबाहेर असतानाच हे काम सुलभ होते.