माळ्यावरचा स्पेक्ट्रम

वाशीतल्या सिडकोच्या जुन्या इमारती पुनर्विकासाला जाऊ लागल्या आणि वर्षानुवर्षं न हललेले माळे रिकामे होऊ लागले. पितळेचे डबे, दिवाळी अंक, बंद पडलेला व्हीसीआर... आणि एखाद्या घरी या सगळ्याच्या तळाशी काळ्या प्लॅस्टिकचा एक कीबोर्ड. त्याला स्क्रीन नसतो, माऊस नसतो. कुठल्यातरी कॉम्प्युटरचा सुटा राहिलेला भाग समजून घरची मंडळी तो भंगारवाल्याच्या पोत्यात टाकतात. प्रत्यक्षात तो कीबोर्ड म्हणजेच अख्खा कॉम्प्युटर असतो. त्याचं नाव स्पेक्ट्रम प्लस.

इंग्लंडच्या सिंक्लेअर कंपनीने पहिला स्पेक्ट्रम 23 एप्रिल 1982 रोजी आणला, आणि 1984 मध्ये कडक कळांचा ‘प्लस’. आपल्याकडे त्याच दशकात पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन तो ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ या नावाने विकला. मुंबईला कॉम्प्युटर तेव्हा नवा नव्हता. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सुमारे 2,700 व्हॅक्यूम ट्यूबांचा टिफ्रॅक 1960 सालीच चालू झाला होता. वाशीच्या खाडीपलीकडे दिसणाऱ्या ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्रात 1969 मध्ये टीडीसी-12 तयार झाला. पण ती यंत्रं शास्त्रज्ञांची. स्पेक्ट्रम दिवाणखान्यातल्या टीव्हीला जोडला जायचा आणि शाळेतलं पोर त्याला हुकूम सोडायचं. माझ्या लेखी हा फरक फार मोठा आहे.

आत झेड-80 जातीचा प्रोसेसर, वेग साडेतीन मेगाहर्ट्‌झ. स्मृती 48 केबी. हार्ड डिस्क नाही. प्रोग्राम कॅसेटवर, साध्या टेपरेकॉर्डरमधून यायचे. जे ही कळ दाबली की पडद्यावर ‘लोड’ हा पूर्ण शब्द उमटतो, पुढे दोन अवतरणचिन्हं, एंटर, आणि मग टेपचं ‘प्ले’. आधी एक लांब सूर लागतो आणि पडद्याच्या कडेला लाल-निळसर जाड पट्टे सरकतात. मग किरकिर सुरू होते, पट्टे बारीक होऊन निळे-पिवळे होतात. ती किरकिर हीच माहिती: शून्यासाठी आखूड लहर, एकासाठी बरोबर दुप्पट लांब. पूर्ण स्मृती भरायला साडेचार-पाच मिनिटं लागतात. चित्र आधी काळ्या रेघांनी तुकड्यातुकड्याने भरतं, आणि शेवटी 768 बाइट रंग वरून खाली उतरतो. हे आजही कोणाला दाखवलं की खोलीतलं बोलणं थांबतं.

आमच्या नेरूळ-सीवूड्सच्या बाजूला असे जुने कॉम्प्युटर जपायचं वेड असणारी माणसं मोजकीच, आणि प्रत्येकाचं मूळ वेड वेगळं. कोणी व्हॉल्व्हचे रेडिओ जमवतो, कोणी हॅम रेडिओवाला, कोणी जुने टेपरेकॉर्डर उघडून बसतो. पण स्पेक्ट्रम जगवायला हे सगळेच लागतात. टेपरेकॉर्डरचा रबरी बेल्ट विरघळून डांबरासारखा चिकट झालेला असतो. तो खरवडून योग्य मापाचा नवा कुठून आणायचा हे टेपवाल्याला माहीत. कंडेन्सर फुगलेत का, उणे पाच व्होल्ट येतात का, हे रेडिओवाला मल्टीमीटर लावून सांगतो. खालच्या 16 केबीच्या स्मृतीच्या चिपांना उणे पाच, पाच आणि बारा असे तीन वेगळे दाब लागतात. त्यातला उणे पाचचा गेला की एकेक चिप मरते. कीबोर्डच्या पातळ पडद्याच्या पट्ट्या वाळून कडक होतात आणि उघडताना तुटतात. त्या नव्या मिळतात. झेड-80 मात्र झिलॉग कंपनीने 2024 मध्ये, 48 वर्षांनी, बनवणं थांबवलं. म्हणून हाताशी असलेली चिप कोणी कपाटात कोंडून ठेवू नये, ज्याला गरज आहे त्याला द्यावी, असं मला मनापासून वाटतं.

तरीही यंत्राची मला फार काळजी नाही. जगात स्पेक्ट्रम पुष्कळ उरलेत, आणि त्यावरचे इंग्रजी खेळ तर जवळजवळ सगळेच जपून ठेवले गेलेत. काळजी आहे ती इथल्या कॅसेटींची. कोणी मुलांसाठी पाढ्यांचा प्रोग्राम लिहिला, कोणी सोसायटीच्या देखभाल खर्चाचा हिशेब बसवला, कोणी देवनागरी अक्षरं काढली. या गोष्टींची प्रत जगात एकच असते, आणि खाडीकाठच्या दमट हवेत तिच्यावर पांढरी बुरशी चढत असते.

देवनागरीचंच घ्या. स्पेक्ट्रमवर आपली अक्षरं बनवायला 21 जागा मिळतात. प्रत्येक अक्षर आठ गुणिले आठ चौकटींचं, म्हणजे आठ आकडे. ‘ग’ हवा तर 255, 34, 34, 34, 34, 98, 98, 2. पहिला 255 म्हणजे आठही ठिपके पेटलेले: शिरोरेषा. अक्षरांच्या दोन घरांमध्ये फट नसल्यामुळे शेजारी दुसरं अक्षर ठेवलं की रेघ आपोआप जोडली जाते. इंग्रजीसाठी बनवलेल्या या यंत्रात शिरोरेषा अशी सलग येते, हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी हरखून गेलो होतो. अडचण पुढे येते. वेलांटी आणि मात्रेला वरती जागाच नाही. त्यांना वरच्या ओळीतलं वेगळं घर द्यावं लागतं. शिवाय 21 जागांत मुळाक्षरंसुद्धा मावत नाहीत. मग 23675 या पत्त्यावरचा आकडा बदलून अक्षरांचा दुसरा संच पुढे आणायचा, किंवा ग, न, त यांचा काना एकदाच काढून सगळ्यांना वापरायचा. अशा युक्त्या ज्याने त्याने आपापल्या घरी शोधल्या. त्या कुठल्याही पुस्तकात आल्या नसतील, तर त्या फक्त त्या टेपवर आहेत.

म्हणून आमच्याकडे कोणाचं यंत्र आलं की आधी कॅसेट मागतो. बुरशी हळुवार पुसायची, हेड स्पिरिटने साफ करायचं, मग हेडजवळच्या छोट्या भोकात बारीक स्क्रूड्रायव्हर घालून स्क्रू केसभर फिरवायचा, किरकिर धारदार ऐकू येईपर्यंत. ज्या टेपरेकॉर्डरवर रेकॉर्ड झालं त्याचं हेड किंचित तिरकं असेल, तर आपलंही तितकंच तिरकं करावं लागतं. मग सगळं कॉम्प्युटरवर उतरवून मूळ कॅसेट घरच्यांना परत.

तुमच्या माळ्यावर असं काही निघालं तर एक लक्षात ठेवा. हाताला येईल तो अडॅप्टर लावून पाहू नका. स्पेक्ट्रमच्या पिनची आतली बाजू ऋण असते, उलटा जोडला तर आतले भाग जळतात. कॅसेटच्या कव्हरवर पेनाने काही लिहिलेलं असेल तर ते फेकू नका, आणि ते अक्षर कोणाचं आहे हे घरातल्या मोठ्यांना आजच विचारून घ्या.