निवृत्तीची तारीख आणि म्हातारपणाची तरतूद

राजवाड्यासमोरच्या बागेत, देवी अहिल्याबाईंच्या पुतळ्याच्या आसपास सकाळसंध्याकाळ जी वयस्क मंडळी बसलेली दिसतात, त्यांत पेन्शनरांचा भरणा मोठा असतो. इंदुरातील कितीतरी मराठी घराणी पिढ्यान्‌पिढ्या नोकरीपेशाची. होळकर दरबारची चाकरी, १९४८ नंतर मध्य भारताची आणि १ नोव्हेंबर १९५६ पासून मध्य प्रदेशाची, अशी तीन राज्यांची सेवा काही घराण्यांनी दोन पिढ्यांतच पाहिली. राज्ये बदलली, तरी सेवा संपल्यावर उतारवयाची तरतूद सरकार करील हा भरवसा टिकून राहिला. आज वाद चालला आहे तो या भरवशाविषयी; म्हणून तो समजून घेणे अगत्याचे आहे.

केंद्र सरकारच्या सेवेत निवृत्तीचे वय १९६२ साली ५५ वरून ५८ झाले आणि १९९८ साली ६०. मध्य प्रदेशात ३१ मार्च २०१८ रोजी अध्यादेश निघून राज्य कर्मचाऱ्यांचे वय ६० वरून ६२ वर गेले. त्याच दिवशी जे निवृत्त व्हावयाचे होते, त्यांनाही आणखी दोन वर्षे मिळाली. मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांच्या सरकारने कारण दिले ते असे की, बढतीतील आरक्षणाचा प्रश्न न्यायालयात असल्यामुळे २०१६ पासून बढत्या खोळंबल्या आहेत आणि अनेकांना बढतीवाचून घरी जावे लागत आहे. यात तथ्य होतेच. परंतु त्याच वर्षाच्या अखेरीस विधानसभेची निवडणूक होती, हेही विसरता येत नाही. शिवाय कर्मचारी निवृत्त होताना ग्रॅच्युइटी, फंड इत्यादी जी मोठी रक्कम हाती द्यावी लागते, तीही दोन वर्षे पुढे गेली. आणि जी जागा रिकामी व्हावयाची, ती न झाल्याने कोणी तरुण उमेदवार तेवढा काळ ताटकळला. वडिलांची नोकरी लांबल्याचा आनंद आणि मुलाची नेमणूक लांबल्याची चिंता एकाच घरात नांदू शकते.

येथे फ्रान्सचे उदाहरण आठवते. तेथे २०२३ साली पेन्शनचे वय ६२ वरून ६४ करण्याचा कायदा आला, तेव्हा लाखो लोक विरोधासाठी रस्त्यावर उतरले. आपल्याकडे मात्र वय वाढल्याचे स्वागत झाले. याचे कारण उघड आहे. पेन्शन साधारणतः शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी. मुलीचे लग्न, घराचे हप्ते, मुलाचे शिक्षण यांपैकी काही ना काही साठीलाही उरलेलेच असते. तेव्हा दोन वर्षांचा पूर्ण पगार कोणाला नको असेल? मात्र निवृत्त केव्हा व्हावे हा एक प्रश्न आणि निवृत्तीनंतर कशावर जगावे हा दुसरा. पहिल्याचे उत्तर देऊन दुसरा सुटत नाही. तो केवळ पुढे ढकलला जातो.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अलीकडे माणूस कोणत्या तारखेला नोकरीस लागला यावर ठरू लागले आहे. मध्य प्रदेशात १ जानेवारी २००५ पासून लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही. त्यांच्या पगारातून दरमहा रक्कम कापली जाते, सरकार आपला हिस्सा घालते, तो पैसा बाजारात गुंतविला जातो आणि जे साठेल त्यावर म्हातारपण काढावयाचे. डिसेंबर २००४ मध्ये रुजू झालेला आणि जानेवारीत रुजू झालेला, दोघे एकाच टेबलाशी बसून एकच काम करीत असले, तरी त्यांचे उतारवय निराळे.

तारखेने माणसांची अशी वाटणी करण्याचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे पूर्वी एकदा आला होता. सुधारलेली पेन्शन ३१ मार्च १९७९ पासून निवृत्त होणाऱ्यांनाच मिळेल, असे केंद्र सरकारने ठरविले होते. १७ डिसेंबर १९८२ रोजी सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने नाकारा खटल्यात तो भेद अमान्य केला. पेन्शन ही मालकाची मर्जी किंवा मेहेरबानी नसून केलेल्या सेवेपोटीचा हक्क आहे, असे त्या निकालाचे सार आहे. तो खटला आधीच्या पेन्शनरांचा होता, नव्या भरतीचा नव्हे. तथापि त्यातील तत्त्व आजच्या वादातही मार्गदर्शक ठरावे.

पुढे राजकारणाने हा विषय हाती घेतला. राजस्थान व छत्तीसगड यांनी २०२२ साली आणि हिमाचल प्रदेशाने २०२३ साली जुनी पेन्शन पुन्हा लागू केली. मार्च २०२३ मध्ये महाराष्ट्रातील कर्मचाऱ्यांनी त्यासाठी आठवडाभर संप केला. केंद्राने १ एप्रिल २०२५ पासून नवी एकीकृत योजना आणली. तीत पंचवीस वर्षे सेवा केलेल्यास शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्म्या रकमेची हमी आहे. हमीचा हा भार उद्याच्या करदात्यांवर पडणार, हा आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही.

आणि सरकारी नोकरांपलीकडेही आपला समाज आहे. इंदूरची हुकुमचंद मिल १९९० च्या दशकाच्या आरंभी बंद पडली. तिच्या कामगारांच्या थकलेल्या देण्यापोटी २२४ कोटी रुपयांचा धनादेश दिला गेला तो २५ डिसेंबर २०२३ रोजी. तीस वर्षांहून अधिक काळ वाट पाहताना त्यांतील कित्येकजण जग सोडून गेले. पैसे त्यांच्या वारसांच्या हाती आले. श्रमाचे देणे योग्य वेळी न मिळाले, तर त्याचा अर्थ किती उणा होतो, हे या शहराने पाहिले आहे.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच की, वय ६० असो वा ६२, त्याचा नियम काही वर्षे आधी जाहीर व्हावा. महिन्याच्या अखेरच्या दिवशी किंवा निवडणुकीच्या तोंडावर तो बदलू नये. वय वाढविताना रिकाम्या जागांची भरती किती व केव्हा होईल, हेही त्याच आदेशात सांगितले जावे. पेन्शनची जी हमी द्यावयाची, तिचा खर्च विधानसभेत आकड्यांनिशी मांडला जावा. मत मागावयास येणाऱ्या प्रत्येक पक्षाला हे तीन प्रश्न विचारावेत. आणि घरातल्या घरात, जुन्या पेन्शनीवर निवांत असलेल्या वडीलधाऱ्यांनी २००५ नंतर नोकरीस लागलेल्या मुला-सुनांच्या खात्याचे विवरण एकदा जवळ बसवून पाहावे. त्यांच्या साठीचा हिशोब आजच मांडावयास हवा.