शुगर, जॅगरी, कँडी: एकाच गोतावळ्यातले शब्द



कोळपेवाडी आणि संजीवनी, असे दोन साखर कारखाने आपल्या तालुक्यात. तेव्हा इंग्रजी शब्दांची नाती सांगायची तर कोपरगावात साखरेपासूनच सुरुवात केलेली बरी.

‘शुगर’ आणि आपली ‘साखर’ दोन्ही संस्कृत ‘शर्करा’पासून आल्या. गंमत अशी की, ‘शर्करा’चा जुना अर्थ गोड नाही. अर्थ आहे खडे, रेती. सुश्रुतसंहितेत तर मुतखड्याच्या बारीक कणांनाही शर्करा म्हटलंय. उसाचा रस आटवून दाणेदार पदार्थ मिळाला, तो रेतीसारखा दिसला, म्हणून त्याला तेच नाव मिळालं. पुढे फारसीत ‘शकर’, अरबीत ‘सुक्कर’, मग लॅटिन, फ्रेंच असं करत करत इंग्रजीत ‘शुगर’.

‘जॅगरी’ म्हणजे गूळ. हीही शर्करेचीच लेक, पण समुद्रमार्गे गेलेली. मलयाळममधल्या ‘चक्करा’चं पोर्तुगीजांनी ‘जागरा’ केलं, इंग्रजांनी ‘जॅगरी’. ‘कँडी’चं घराणं मात्र वेगळं. संस्कृत ‘खंड’ म्हणजे तुकडा, त्याचं फारसीत ‘कंद’, अरबीत ‘कंदी’, मग ‘कँडी’. आपल्या ‘खांडसरी’त तोच खंड आहे. आणि ‘सॅकरिन’? शर्करेचं रूप ग्रीक-लॅटिनमध्ये गेलं होतं, त्यावरून हे नाव पडलं. १८७९ साली प्रयोगशाळेत सापडलेल्या या पदार्थात साखरेचा कणही नाही!

इथे आपली छाती फुगते. ‘बघा, सगळं आपलंच!’ जरा थांबू या. शब्द आपल्याकडून गेला हे खरं, पण म्हणून त्याचा आजचा अर्थ आपण ठरवतो का? व्युत्पत्तिशास्त्राला इंग्रजीत ‘एटिमॉलॉजी’ म्हणतात. त्यात ग्रीक ‘एटिमोस’, म्हणजे ‘खरा’, हा शब्द आहे. जणू सर्वांत जुना अर्थ तोच खरा! तसं असतं तर आपण चहात रेती टाकली असती.

आपल्याच घरात बघा. साखरपुड्याला कोणी शुगरपुडा म्हणत नाही. आणि डॉक्टरांकडून आल्यावर आपण ‘मला साखर निघाली’ म्हणत नाही, ‘शुगर निघाली’ म्हणतो. शब्द जगभर फिरून माहेरी आला तो आजाराचं नाव होऊन. एकच कूळ, पण एक डब्यात, दुसरी रक्तात.

हा नुसता शब्दांचा खेळ नाही बरं का. पुड्यावर ‘नो शुगर’ लिहिलेलं असतं, आत जॅगरी असते, आणि मधुमेही माणूस निर्धास्त खातो. गुळातही मुख्यत्वे तीच उसाची शर्करा असते, रक्तातली साखर तोही वाढवतो. नाव निराळं म्हणून वस्तू निराळी होत नाही. सॅकरिनची गोष्ट उलटी: नाव नात्यातलं, वस्तू परकी.

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात. शब्दाचं कूळ मात्र जरूर शोधा, त्यातून तो कुठून आला ते कळतं. पण आज तो काय सांगतो, हे तो आज जिथे वापरला जातो तिथेच विचारावं लागतं. आणि पुड्यावर असला तर पुडा उलटून, मागची बारीक अक्षरं वाचून.